गायकाच्या रकान्यात कानबाई

चंदनला मी अजून पुरतं माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. चंदन माझा पुतण्या, सुरतेला एका कापड कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो. त्याची आई भागाबाई ही माझी मोठी जाऊ. लिहायचं आहे ते भागाअक्कांबद्दल, पण लिहायला बसलं की आधी चंदनचंच तोंड समोर येतं आणि माझं डोकं तापतं. पोरगा वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या देऊन मी मोकळी झाले असते.

अक्का साक्रीच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. लग्न होऊन धुळ्याला आल्या, पांझरेच्या काठच्या आमच्या गल्लीत, आणि काही वर्षांनी त्यांच्यामागे मी आले. मला सासू नव्हती. जी काय सासू होती ती ह्याच. भाकरी थापायला त्यांनीच शिकवलं, आणि माझी भाकरी करपली की गल्लीभर सांगायलाही त्याच. सांगायच्या म्हणजे गाण्यातून. गल्लीत हळद असो, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, झोका असो, कानबाई असो, अक्का गायला बसल्या की गाण्यात आमची सगळ्यांची नावं यायची. कमलबाईचा नवरा घोरतो, सुलक्षणाची, म्हणजे माझी, भाकरी काळी, गिरणीवाल्याचा काटा खोटा. ज्याचं नाव येई तो वरवर चिडायचा, आणि ज्याचं येत नसे तो मनातून खट्टू व्हायचा.

त्यांचा गळा गोड नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे जो तो "काय गोड गळा होता हो" म्हणत सुटला. ज्यांनी ऐकला नाही तेच असं म्हणतात. अक्कांचा आवाज खणखणीत होता, थोडा खरबरीत, आणि ओळ संपवताना त्या शेवटचं अक्षर असं काही वर फेकायच्या की पुढची ओळ आपोआप आपल्या तोंडात यायची. आमच्याकडे एक बाई ओळ सांगते आणि बाकीच्या ती झेलतात. सांगणारी मिळमिळीत असली की झेलणाऱ्याही जांभया देतात. अक्का असल्या की कुणाची जांभई देण्याची टाप नव्हती.

ह्यात कानबाईचा मान मोठा. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, नारळाला नथ-डोरलं घालून, साडी नेसवून आम्ही तिला बसवतो. सगळी भाऊबंदकी एका घरात जमते. रोट होतात, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी होते, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत, फुगड्या घालत बाया तिला नदीवर पोचवतात. सुरत, पुणे, मुंबई, जिथं कुठं पोटासाठी गेलेले असतील तिथून लोक येतात. तिची गाणी कुणी रचली, कुणी म्हटली, असं आमच्यात विचारत नाहीत. कानबाईचं गाणं कानबाईचंच. "मी म्हटलं" असं म्हणणारी बाई आगाऊ ठरते. अक्का एरवी कुणाचं ऐकायच्या नाहीत, पण हा नियम त्यांनी काटेकोर पाळला.

आमचे जेठ, म्हणजे अक्कांचे यजमान प्रेमराजभाऊ, आग्रा रोडवर ट्रक चालवायचे. इंदूरहून माल भरायचा, मुंबईला उतरवायचा. घरात पहिला टेप त्यांनीच आणला आणि बायकोला भरून घ्यायला लागले. बाहेरगावी ट्रकमध्ये ऐकायला. लोक सिनेमातल्या गाण्यांच्या कॅसेटी लावायचे, ह्यांच्या केबिनमध्ये बायकोच्या हळदीची गाणी. क्लीनर पोरं हसायची म्हणे, आणि दोन फेऱ्यांत तीच पोरं गुणगुणायला लागायची. भाऊ वारले तेव्हा पत्र्याची एक पेटी भरून कॅसेटी मागे राहिल्या. कानबाई, आखाजी, हळदी, बारशी. अक्का ती पेटी पुसून ठेवायच्या, पण लावायच्या नाहीत. गळा होता ना अजून, मग लावायच्या कशाला?

आणि मग गळाच गेला.

आधी आवाज बसला. आम्ही म्हटलं, श्रावणात फार ओरडल्या. मग तो उठेचना. नाशिकला तपासलं तर डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही. अक्कांनी ऐकून घेतलं आणि डॉक्टरांनाच विचारलं, "जेवता ई ना?" येईल म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग काढा." बाहेर येऊन मी रडले, त्या नाही रडल्या.

इथं चंदनने एक चांगलं काम केलं. ते मी नाकारत नाही. ऑपरेशनच्या आधी तो सुट्टी काढून आला, भाऊंचा जुना टेप दुरुस्त करून आणला, त्याला वायर लावून लॅपटॉप जोडला आणि एकेक कॅसेट त्यात भरायला बसला. खोलीत रात्रंदिवस अक्कांचाच आवाज. खरी अक्का कोपऱ्यात लसूण सोलतेय घोगऱ्या गळ्याने, आणि टेपमधली तरणीताठी अक्का गरजतेय. भरून झालेलं सगळं त्याने एका ॲपवर चढवलं. म्हणाला, काकू, आता हे ढगात आहे, घर जळलं तरी जायचं नाही, सुरतेहून ऐका नाहीतर साक्रीहून ऐका, फोन उघडला की गाणं. मी अंगणवाडी सेविका आहे. गल्लीतल्या पोरांची वजनं-उंच्या मीही फोनवरच भरते, ढग म्हणजे कुणाच्या तरी कंपनीचं दूरचं कपाट असतं एवढं मला ठाऊक होतं. तसं मी म्हटलंही. तो हसला. "तुम्हाला नाही कळणार, काकू."

गाणी चढवताना प्रत्येकापुढे एक रकाना होता, गायक कोण. चंदनने आईला विचारलं, "आई, तुझं नाव पूर्ण लिहू? भागाबाई प्रेमराज पाटील?"

अक्कांनी हातातला लसूण खाली ठेवला. "मनं नाव नको लिखू. गाणं कानबाईनं शे. तिनंच नाव लिख."

"अगं पण हळदीची गाणी पण आहेत त्यात. आणि आखाजीची."

"बठ्ठं तिनंच शे." सगळं तिचंच.

चंदनने सगळी गाणी निवडून एका फटक्यात गायक म्हणून लिहिलं, कानबाई. चार दिवसांनी ऑपरेशन झालं. त्यानंतर अक्कांच्या तोंडून आवाज आलेला नाही. गळ्यात खाली एक भोक आहे, त्यातून श्वास चालतो, वरून पातळ कापड बांधलेलं असतं. ओठ हलतात, शब्द होतात, पण त्यात वारा नसतो. ते शब्द फक्त मला वाचता येतात, कारण ओठांची सवय मला आहे. आयुष्यभर त्या ओठांकडे बघूनच तर ओळ झेलली.

पहिल्या वर्षीची कानबाई झकास झाली. चंदनने फोनला मोठा स्पीकर जोडला, आणि अक्कांच्या घरात अक्कांचाच आवाज गरजला. बाया रडल्या, मग हसल्या, मग झेलायला लागल्या. अक्का मध्ये बसून हाताने ठेका धरत होत्या. टेपमधल्या अक्कांनी माझी करपलेली भाकरी काढली तेव्हा समोरच्या अक्कांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. त्या दिवशी मला वाटलं, चला, आवाज गेला पण अक्का गेल्या नाहीत.

त्याच दिवाळीला मी ट्रेनिंगसाठी चार दिवस बाहेर होते. परत आले तर पेटी रिकामी. साफसफाईत चंदनने सगळ्या कॅसेटी भंगारवाल्याला देऊन टाकल्या होत्या. बुरशी लागली होती म्हणे, आणि सगळं ढगात आहेच म्हणे. अक्का त्याला काही बोलल्या नाहीत. बोलणार कशा?

पुढच्या श्रावणात पुन्हा सगळे जमले. सोमवारी सकाळी कानबाई उठवायची वेळ झाली, पाट डोक्यावर घेतला, बाया दारात गोळा झाल्या, आणि चंदनने फोन लावला.

आधी ढोलकी आली. आमच्या गाण्यात ढोलकी कधीच नव्हती. मग बासरी आली. मग एका कोवळ्या पोरीचा आवाज, साखरेत घोळलेला, मागे कुणीतरी पुरुष "होऽ होऽ" करतोय. गाणं तेच, चाल बरीचशी तीच, पण त्यात कमलबाई नाही, तिचा घोरणारा नवरा नाही, सुलक्षणाची भाकरी नाही. आमच्यापैकी एकीचंही नाव नाही. बाया झेलायला तोंड उघडून उभ्या आणि झेलायला काहीच नाही. चंदन घाईघाईने पुढचं गाणं लावतोय, त्याच्या पुढचं लावतोय, सगळीकडे तीच पोरगी.

अक्कांचे ओठ हलले. मी वाचले. "हाई कोन शे?"

मग त्या चंदनकडे गेल्या, त्याच्या हातातला फोन उलटासुलटा करून बघितला, आपल्या छातीवर हात आपटला. "मना आवाज कोठे शे?" हे वाचायला माझी गरज नव्हती. सगळ्या गल्लीला कळलं.

त्या वर्षी आमची कानबाई न गाता नदीवर गेली. असं कधी झालं नव्हतं.

चंदनने दोन दिवस फोनमध्ये डोकं घालून शोध लावला. जळगावच्या एका स्टुडिओने कानबाईच्या, हळदीच्या, आखाजीच्या, बारशाच्या गाण्यांचा मोठा संच त्याच ॲपवर टाकला होता. गाण्यांची नावं तीच, कारण गाणी तीच, सगळ्या खान्देशाची. आणि गायक कोण? कानबाई. ॲपने बघितलं की ह्याच्याकडे हीच गाणी ह्याच बाईची आहेत, फक्त खरखरीत. तेव्हा त्याने चंदनला विचारलं, चांगली प्रत उपलब्ध आहे, एकच प्रत ठेवून जागा मोकळी करू का? आणि ह्या शहाण्याने ऑफिसातून घरी जाताना, बसमध्ये उभ्या उभ्या, 'हो' दाबलं.

"मला वाटलं डबल झालेल्या फायली काढतंय," तो म्हणाला.

"लॅपटॉपवर असतील ना?"

लॅपटॉप कंपनीचा होता, तो बदलून मिळाला होता.

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आणि तो शेवटी काय म्हणाला माहीत आहे? "पण काकू, गाणी तर गेली नाहीत ना. गाणं तेच आहे." मी म्हटलं, उद्या तुझी आई उचलून नेली आणि तिच्या जागी तीच साडी नेसवून दुसरी बाई बसवली, तर साडी तीच आहे म्हणून तिच्या हातचं जेवशील का रे? तेव्हा कुठे त्याची मान खाली गेली.

त्याने कंपनीला तक्रार लिहिली. एकदा नाही, बऱ्याचदा. प्रत्येक वेळी एकच उत्तर: आपल्या संग्रहातील गाणी अधिक चांगल्या दर्जात उपलब्ध करून देण्यात आली आहेत, आमच्यासोबत राहिल्याबद्दल धन्यवाद. अधिक चांगल्या दर्जात! हे लिहिणारा माणूस असता तर मी त्याचं घर शोधत गेले असते. पण ते यंत्रच लिहीत होतं. यंत्रावर राग काढायचा तरी कसा? भिंतीवर डोकं आपटल्यासारखं आपलंच कपाळ दुखतं.

अक्कांनी मात्र राग काढायला माणूस शोधला. एका सकाळी माझ्या दारात साडी बदलून उभ्या. ओठ म्हणाले, "जयगाव." आणि उजव्या हाताने हवेत एक सणसणीत चापट मारून दाखवली. त्या गाणाऱ्या पोरीला.

मी रजा टाकली आणि आम्ही जळगावची एसटी धरली. रस्त्याचं काम चाललेलं, पारोळ्यापर्यंत नुसती धूळ. अक्कांना धूळ थेट गळ्यातून आत जाते, त्या कापड दाबून बसल्या होत्या. कंडक्टरने तिकिटाला कुठं जायचं विचारलं, अक्का ओठांनी बोलल्या, त्याला कळेना, तर तो ओरडायला लागला, "बहिरी आहे का म्हातारी?" ज्याला आवाज नाही त्याला कानही नाहीत आणि अक्कलही नाही असं लोकांना का वाटतं, देव जाणे. मी त्याला म्हटलं, त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं, आणि तू जे बोललास ते सगळ्या गाडीने ऐकलंय. एरंडोलपर्यंत तो आमच्याकडे फिरकला नाही.

स्टुडिओचं नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मालक रतिलालशेठ, गोरा, हसरा, बोटांत अंगठ्या. बसा म्हणाला, चहा मागवला. असली गोड माणसं भांडायला फार अवघड. मी सगळं सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "ताई, वाईट झालं. पण आमची काय चूक? गाणी पारंपरिक आहेत, कुणाच्या बापाची नाहीत. तुमच्या फायलीवर भागाबाईंचं नाव असतं तर असं झालंच नसतं. तुम्ही का नाही लिहिलं?"

"आमच्यात लिहीत नाहीत. कानबाईचंच नाव लावतात."

"मग!" तो टाळी वाजवल्यासारखा खूश झाला. "आम्हीही तेच लावलं. आपली पद्धतच आहे ना ती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पद्धत! अक्कांनी नाव गाळलं ते देवीपुढे लहान व्हायला. ह्याने गाळलं ते उद्या पोरीने "गाणं माझं आहे" म्हणू नये म्हणून. दोन्हीकडे रकान्यात शब्द एकच, आणि यंत्राला दोन्ही सारखेच. मी हे त्याला तोंडावर म्हटलं. तो हसतच राहिला.

तेवढ्यात ती पोरगी आली. पाचोऱ्याहून रेल्वेने येते, पुनम नाव. त्या दिवशी तिचं आणखी काहीतरी भरायचं होतं. बारीक, तेल लावून वेणी घातलेली, खांद्याला डब्याची पिशवी. मी म्हटलं, हीच का ती? रतिलाल म्हणाला, हीच. अक्का उठल्या. माझा जीव टांगणीला लागला, कारण त्यांचा हात मला माहीत आहे. त्या तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. पोरीने काही न कळून आधी वाकून पाया पडून घेतलं. वर आली तेव्हा तिला अक्कांच्या गळ्यावरचं कापड दिसलं.

"काय झालंय यांना?" तिने मला विचारलं.

मी सांगितलं. आवाजाचंही आणि ढगाचंही. आणि हेही सांगितलं की त्यांच्या आवाजाच्या जागी आता तुझा वाजतो. ती पांढरीफटक पडली. म्हणाली, "मला माहीतच नव्हतं. माझं नाव तर कुठंच नाही त्यावर. घरी सांगते मीच म्हटलीत, तर कुणी खरं मानत नाही. आई पण म्हणते, दाखव कुठं लिहिलंय."

अक्कांचा चापटीचा हात खाली आला होता. ओठ हलले. "हिनं नाव काबर नही?" मी रतिलालला मराठीत विचारलं, हिचं नाव का नाही?

"टाकू की. पुढच्या वेळी टाकू."

अक्कांनी मान हलवली. आत्ता.

"बाई, आत्ता रेकॉर्डिंग आहे. वादक थांबलेत. नंतर निवांत करतो."

अक्का एक शब्द न बोलता, म्हणजे ओठही न हलवता, आतल्या खोलीत गेल्या. जिथं माईक असतो तिथं. भिंतींना गाद्या लावलेल्या, दार जाड. त्या माईकसमोर खाली मांडी घालून बसल्या आणि गळ्यावरचं कापड सोडलं. श्वास घेतला. सोडला. बाहेरच्या स्पीकरमधून असा आवाज आला की ढोलकीवाला दचकला. भाता फुंकल्यासारखा, आत ओला, टोकाला शीळ. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. रतिलालने विनंती केली, मग आवाज चढवला, मग मला म्हणाला यांना उठवा. मी म्हटलं, तुम्हाला चांगला दर्जा लागतो ना? भरा की हा.

वादक एकमेकांकडे बघत होते. पुनम दाराशी उभी राहून रडत होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं. अक्का श्वास घेत होत्या, बस. रतिलालने शेवटी कपाळाला हात लावला, खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरवर बसला. अक्कांना बोलावून त्याने दाखवलं. संचातल्या सगळ्या गाण्यांपुढचं 'कानबाई' खोडून त्याने लिहिलं, पुनम, आणि तिचं आडनाव. अक्कांनी पडद्यावर बोट ठेवून प्रत्येक ओळ तपासली. चौथीपर्यंत शिकल्या आहेत, वाचायला वेळ लागतो, पण कुणाची घाई त्यांनी चालू दिली नाही. मग कापड बांधलं, पोरीच्या गालावर हात ठेवला, आणि आम्ही निघालो. चहा तसाच गार पडला होता.

परतीच्या गाडीत मी चिडलेलीच होते. म्हटलं, अक्का, गेलो होतो कशाला आणि करून काय आलो? तिचं नाव लागलं, तुमचा आवाज कुठं मिळाला? अक्कांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. ओठ दिसू नयेत म्हणून. त्यांना बोलायचं नसलं की त्या असंच करतात. पारोळा गेलं तरी त्यांनी तोंड वळवलं नाही, आणि काचेत मला दिसलं की त्या रडताहेत. नाशिकला न रडलेली बाई. माझीच जीभ मला नकोशी झाली.

त्यानंतरच्या रविवारी चंदन न कळवता सुरतेहून आला. दाराशी बूट काढून थेट आत आला. मी भाजी निवडायला अक्कांकडेच बसले होते. म्हणाला, "काकू, ॲपमध्ये बघत होतो. ती सगळी गाणी पुनमच्या नावावर गेली. कानबाई नावाखाली आता काहीच उरलं नाही. फक्त एक सोडून."

"एक काय?"

"एक फाईल. तिच्यात गाण्याचं नावच नाही. टेप संपताना काहीतरी भरलं गेलेलं, मी कचरा समजून तशीच चढवली होती. इतक्या गाण्यांच्या तळाशी होती, मला कधी दिसलीच नाही. ते गाणं नाही, म्हणून ॲपला त्याची दुसरी प्रत सापडली नाही. म्हणून राहिली."

सगळं तपासलं होतं म्हणे ह्याने! मी तोंड उघडणार तोच त्याने फोन ओट्यावर ठेवला आणि लावलं.

भांडी वाजली. कुठंतरी पोर रडलं. आणि मग अक्का. तरण्या, रागाने पेटलेल्या.

"ओ चंदनना बाप, बंद करा ते डबडं! आठे रोट करपी ऱ्हायनात आन तुम्हले गाणं सुचस! जव्हय देखो तव्हय तोंडपुढे आनी धरतस. मना आवाज काय लोनचं शे, बरणीमा भरी ठेवाले? मी काय कोठे पयी चालनी? आठेच शे मी! जित्ती शे! उठा, पह्यले चुल्हामातलं लाकूड मांगे वढा!"

मग भाऊंचं हसणं, आणि खट्ट. संपलं.

अक्का मेथीची जुडी हातात धरून तशाच बसल्या होत्या. मग त्यांनी जुडी खाली ठेवली आणि बोट फिरवलं. पुन्हा.

चंदनने पुन्हा लावलं. ह्या वेळी अक्का उठल्या. "ओ चंदनना बाप" आलं तेव्हा त्यांचे ओठ त्यावर होते. पुढचा शब्द, त्याच्या पुढचा, एकही मागेपुढे नाही. त्या चंदनच्या समोर गेल्या, बोट रोखलं, आणि जे इतके दिवस, कॅसेटी विकल्यापासून, 'हो' दाबल्यापासून, छातीत साचलं होतं ते सगळं त्याच्या तोंडावर ओतलं. आवाज ओट्यावरून येत होता आणि ओठ त्याच्यासमोर हलत होते, आणि दोन्ही एकाच बाईचे होते. "मी काय कोठे पयी चालनी? आठेच शे मी!" पळून कुठं चाललेय का, इथंच आहे मी, असं म्हणताना त्यांनी त्याच्या छातीवर मूठ आपटली. चंदन घोड्यासारखा वाढलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा खाली बघत उभा, आणि डोळ्यांतून धारा.

खट्ट झालं. अक्कांचे ओठ थांबले. त्यांनी श्वास घेतला, गळ्यातून शीळ आली, आणि पुन्हा बोट फिरवलं.

त्या दुपारी आईने त्याला पोटभर बोलून घेतलं. दर वेळी संपलं की तोच खाली वाकून पुन्हा लावायचा.